ह्या आठवड्याची कारभारीण

आमच्या बाईंना राग आणायचा असला तर एक वाक्य पुरे होतं. "बाई, आता काय करायचं?" झालं! हातातलं काम तिथंच ठेवून त्या चष्म्यावरून अशा बघायच्या, की विचारणारीला वाटावं आपण त्यांची पेटी फोडताना सापडलो. मग म्हणायच्या, "माया तोंडाकडे काय पाहून राह्यली? माया तोंडावर लिहिलं हाये का?" आणि परत कामाला लागायच्या. आपली अडचण आपल्यापाशीच राहायची.

दुसरं त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे "मंग?" नुसतं "मंग?" तुम्ही सांगा, "बाई, लाकडं ओली निघाली." बाई म्हणणार, "मंग?" तुम्ही सांगा, "बाई, चूल पेटत नाही." "मंग?" "बाई, शाळेला उशीर होईल." "मंग?" शेवटी विचारणारी चिडून म्हणायची, "मंग काय, शेजारून कोरडी लाकडं आणते!" की बाईंचा चेहरा उजळायचा. "आण ना बाप्पा! मी कुठं अडवून राह्यली?"

मी मुळातच भांडखोर. पहिले सहा महिने मला ही बाई अजिबात आवडली नाही. मला वाटायचं, हिला काही येत नाही म्हणून ही असं करते.

बाई बालाघाटच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि आमचं हॉस्टेल सांभाळायच्या. हॉस्टेल म्हणजे काय, स्टेशनच्या अलीकडे भाड्यानं घेतलेलं एक कौलारू घर, मागे आंगण, आंगणात विहीर. गावातल्या चार पैसेवाल्यांनी मिळून एक समिती काढली होती, ती ते चालवायची. राज्यांची वाटणी होऊन बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. शाळेत हिंदी, घरी मराठी आणि भांडताना दोन्ही, असा आमचा कारभार. लांजीकडच्या, खैरलांजीकडच्या, बिरसाकडच्या आम्ही डझनभर मुली तिथं राहायचो. आमच्या गावात आठवीच्या पुढे शाळा नव्हती. हॉस्टेल नसतं तर आठवीच्या पुढे मांडवच होता.

मला सोडायला बाबा आले होते. लांजीहून बसनं धक्के खात आम्ही पोचलो, तर ओसरीवर एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. बाबांना वाटलं ही स्वयंपाकीण असंल. म्हणाले, "मोठ्या बाई कुठं हायेत?" ती मान वर न करता म्हणाली, "बसा. कारभारीण येऊन राह्यली." एवढ्यात आतून माझ्याच वयाची एक मुलगी आली. कमरेला चाव्या खोचलेल्या. ती म्हणाली, "झाले का तांदूळ, बाई?"

"थोडेक राह्यले."

"लवकर आटपा, आधण ठेवलं हाये."

"हौ."

बाबा ताडकन उभे राहिले. मोठ्या बाई ह्याच, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग कळलं की बाई काल संध्याकाळच्या पंगतीला उशिरा आल्या होत्या, आणि उशिरा येणारीनं दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडायचे, असा त्या आठवड्याच्या कारभारणीचा नियम होता. बाबा मला दाराबाहेर घेऊन गेले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, ही बाई येडी दिसते. तुया मायले हे सांगतलं तर ती तुले वापस घेऊन ये म्हणंन." टोपी परत डोक्यावर घातली. "मी नाई सांगत तिले," म्हणाले, आणि बस पकडायला निघून गेले.

बाईंची पद्धत अशी होती. दर सोमवारी सकाळी कारभारीण बदलायची. पाळी हॉस्टेलात आलेल्या क्रमानं लागायची. हुशार कोण, धीट कोण, मोठ्या घरची कोण, ह्याचा काही संबंध नाही. मुकी असली तरी पाळी चुकणार नाही. त्या आठवड्यात चाव्या तिच्या, सामान आणणं तिचं, कोण पाणी ओढणार, कोण झाडणार, काय शिजणार, बाहेर कोण जाणार, सगळं तिनं ठरवायचं. आणि तिचा हुकूम सगळ्यांवर चालायचा, त्यात बाई आल्या. बाजारात जायचं असलं तर बाई दारात उभं राहून विचारायच्या, "कारभारीण, जाऊ का मी?" आणि कारभारीण "नाही" म्हणाली तर बूट काढून परत आत यायच्या. एकदा एका मुलीनं नुसती मजा म्हणून चार दिवस त्यांना बाहेर सोडलं नाही, शाळा सोडून. बाई चारही दिवस घरात बसल्या, कुरकुर नाही. पाचव्या दिवशी त्या मुलीलाच लाज वाटली.

गावात मात्र बाईंची वेगळीच ख्याती होती. त्या रस्त्यानं चालता चालता पेरू खायच्या. बायामाणसांनी असं खायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. शिंगाड्याच्या दिवसांत तर त्यांच्या पिशवीत पुस्तकं कमी आणि शिंगाडेच जास्त. सायकलरिक्षात कधी बसल्या नाहीत. "पायाचं काय लोणचं घालू?" म्हणायच्या, आणि इतक्या भरभर चालायच्या की बरोबरच्या मुलीला धावावं लागायचं. राग आला की स्वतःशी हिंदीत बोलायच्या, खुशीत असल्या की मराठीत. आम्ही दारामागून भाषा ऐकायचो आणि मगच आत जायचो.

तांदळाची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

आम्ही सगळ्या धानवाल्यांच्या पोरी. कोणाचा बाप शेतकरी, कोणाचा धानाच्या शेतात मजूर. जन्मापासून भात खाल्ला, पण तांदूळ विकत घेतलेला कोणी कधी पाहिला नव्हता. कोणाच्या घरी तो कोठीतून निघायचा, कोणाच्या घरी मजुरीत यायचा. हॉस्टेललाही समितीकडून तांदूळ यायचा, पण एकदा मधेच संपला आणि बाजारातून आणायची वेळ आली. पाळी होती पुष्पाची. पुष्पा लांजीकडची, मोठ्या शेतकऱ्याची लेक, तोंडाची टकळी अखंड चालू. ती म्हणाली, "तांदूळ का मले शिकवावं लागते? धानाच्या बांधीत वाढली मी!" ऐटीत गेली आणि दुकानातला सगळ्यात पांढरा, चकचकीत, वास येणारा तांदूळ पोतं भरून घेऊन आली. बाईंनी एक मूठ उचलली, दोन दाणे दातांखाली चावले आणि म्हणाल्या, "हौ. ठेव आत."

तो तांदूळ नवा होता, नुकताच कांडलेला. घरी आमच्या आया नवा तांदूळ वर्षभर ठेवून मग शिजवायला काढायच्या, पण ते त्यांचं त्या करायच्या, आम्हाला कोण सांगतं? पहिल्या दिवशी भाताचा नुसता गोळा झाला. दुसऱ्या दिवशी पाणी कमी घातलं, तर वर गोळा आणि आत कच्चा. आठवडाभर आम्ही ती खळ खाल्ली. बाईपण खात होत्या, बोटं चाटून.

मी शेवटी भडकले. "बाई, तुम्ही दाणे चावून पाह्यले होते. तुम्हाले कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं ना."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर ह्या आठवड्यात भात मोकळा झाला असता," बाई म्हणाल्या. "मंग?"

पुष्पा मात्र त्या दिवसापासून अशी पक्की झाली, की पुढं दुकानदार तिला पाहिलं की जुन्या तांदळाचं पोतं आपणहून पुढं ओढायचा. आता ती तिच्या सासरच्या गावात बायकांची पुढारी आहे. तलाठीसुद्धा तिच्यासमोर नीट बसतो.

सुमनची पाळी आली तेव्हाचं तर मी कधी विसरणार नाही. सुमन बिरसाकडची. तिच्या घरच्यांनी बुद्धाचा धम्म घेतला होता, बाप जंगलात मजुरीला जायचा. सुमनचा आवाज इतका बारीक की शेजारी बसलं तरच ऐकू यावा. पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाक करून घेतला आणि दारात उभी राहून म्हणाली, "जेवायले या." बाई ओसरीवर पेपर वाचत होत्या. हलल्या नाहीत. सुमन परत म्हणाली. बाईंनी पान उलटलं. सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं, मग मात्र तिनं ओरडून हाक मारली, "बाई! जेवायले या!" बाई लगेच उठल्या. "आली, आली. अवो, आत्ता ऐकू आलं."

पण खरी गोष्ट पुढंच होती. सुमन वाढणार म्हणून दोन मुली पंगतीला आल्याच नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण कळत सगळ्यांना होतं. माझं डोकं फिरलं. मी बाह्या सरसावून निघाले, तर बाईंनी ताटावरून मान वर केली. "तू कुठं चालली? ह्या आठवड्याची कारभारीण तू हायेस का?" मी जागच्या जागी बसले. सगळ्या सुमनकडे बघत होत्या. ती बराच वेळ पळी हातात धरून उभी राहिली. मग त्या दोघींच्या खोलीपाशी गेली आणि म्हणाली, "तुमचा भात झाकून ठेवला हाये. भूक लागली की या. पण वाढीन मीच." संध्याकाळपर्यंत त्या दोघी आल्या. सुमननं वाढलं, त्यांनी खाल्लं. बाई त्या दिवशी मराठीत गुणगुणत होत्या.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या बाईला सगळं येतं. ती मुद्दाम हात बांधून बसते, आणि असं बसायला तिला किती जड जात असंल, हे मला तिच्या ताटाकडे बघून कळलं. सुमन पळी घेऊन उभी होती तेवढा वेळ बाईंनी घास उचललाच नव्हता.

आता पाण्याचं सांगते. सगळं त्यावरूनच झालं.

मी दहावीत होते, चैत महिना होता. आमची विहीर आटत आटत तळाला गेली. समितीचे अध्यक्ष म्हणजे एका राइस मिलचे मालक. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण गोड बोलून काम पुढं ढकलायची त्यांना सवय होती. दिवाळीपासून बाई त्यांना विहीर खोल करा म्हणून सांगत होत्या, आणि काकाजींचं एकच, "करून टाकू, बाई, करून टाकू!" सोमवारी चाव्या माझ्याकडे आल्या आणि त्याच सकाळी बादलीत पाण्याऐवजी गाळ आला.

मी बाईंकडे गेले. "बाई, आता..." आणि जीभ चावली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मी विहिरीच्या काठावर बसून विचार केला. गावात पाणी कोणाकडं आहे? काकाजींच्या मिलमधे. मोठी बांधीव विहीर, वर पंप. हॉस्टेल समितीचं, समिती काकाजींची, मग विहीरही आमचीच झाली की!

मी बाईंना सांगितलं, "आम्ही सगळ्या मिलवर पाणी भरायले चाललो. एकीले ताप हाये, तुम्ही तिच्याजवळ बसा."

"हौ," बाई म्हणाल्या. मग, "काकाजी नाही म्हणाले तर?"

"तर तिथंच बसू, घागरी पुढं ठेवून."

"अन् हौ म्हणाले तर?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता. मी डोकं खाजवलं. "तर रोज जाऊ. इथली विहीर होईपर्यंत रोज."

बाईंनी मान डोलावली आणि तापवाल्या मुलीच्या कपाळावर पट्टी ठेवायला गेल्या.

मी सगळ्यांना केस विंचरून, धुतलेले कपडे घालून यायला लावलं. डोक्यावर घागरी, एकीमागं एक, बाजारातून सरळ. कोणी हसायचं नाही, कोणी खाली बघायचं नाही. मिलच्या आंगणात काकाजी गोंदियाच्या व्यापाऱ्यांबरोबर खाटेवर बसले होते. मी म्हणाले, "काकाजी, नमस्कार. हॉस्टेलच्या हिरीले पाणी नाही. तुमच्या हिरीवर भरू का?" व्यापारी बघताहेत म्हटल्यावर काकाजी काय म्हणणार? "भरा, पोरींनो, भरा! तुमचंच हाये!"

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. तिसऱ्या दिवशीही. तोवर बाजारात बोलबाला झाला. पानवाला काकाजींना विचारू लागला, "काकाजी, आपके हॉस्टल में कुआँ नहीं है क्या?" काकाजींचा चेहरा पडला. गुरुवारी सकाळी आमच्या आंगणात विहीर खोदणारे हजर! शुक्रवारी तळातून झरा फुटला. आम्ही नाचलो. पुष्पानं तर बाईंचे दोन्ही हात धरून त्यांना गरगर फिरवलं.

शनिवारी दुपारी काकाजी आले, बरोबर समितीचे दोन म्हातारे सभासद. ओसरीवर खुर्च्या मांडल्या. काकाजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"देखो बाई," ते म्हणाले, "आम्ही तुम्हाले पोरी सांभाळायले ठेवलं, मोर्चे काढायले नाही. पूरे बजार में मेरी नाक कटवा दी. आज माया मिलवर आल्या, उद्या कोणाच्या दारात जातीन? पोरी बिघडवल्या तुम्ही. आता दोन रस्ते हायेत. तुम्ही हॉस्टेल सोडा. नाही तर परीक्षा झाली की आम्ही हॉस्टेलले कुलूप लावतो."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज नेहमीचाच होता. "मले नोका विचारू, काकाजी. पोरीच्या आठवड्यात मी ठरवत नसते."

"कोणती पोरगी?"

"ह्या आठवड्याची कारभारीण."

काकाजी हसले, एक सभासदही हसला. मी पुढं झाले. मागे सगळ्या मुली दारात गोळा झाल्या होत्या. मी बाईंकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, एक विचारू?"

"विचारू नोको," बाई म्हणाल्या. "सांग."

माझ्या तोंडात पहिले शब्द आले ते हेच, की बाई कुठं जाणार नाहीत, लावा तुम्ही कुलूप, बघू! ते गिळायला मला फार कष्ट पडले. कारण मिलच्या आंगणात बसता येतं, व्यापारी बघत असतात. पण परीक्षा झाली की आम्ही सगळ्या गावाला जाणार. जुलैत काकाजींनी नुसतं दार उघडलं नाही तर आम्ही बसणार कुठं, आणि बघणार कोण? माझ्या घरी तर स्थळ येऊन गेलं होतं. आईनं कशीबशी त्यांना थोपवून धरलं होतं, पोरीची अकरावी होऊ द्या म्हणून. सुमनच्या बापाला गावात खोली घेऊन देणं जन्मात जमणार नव्हतं. बाईंना शाळेची नोकरी होती. आम्हाला हॉस्टेलशिवाय काही नव्हतं. हे सगळं मला लखलखीत दिसलं, आणि ते दिसलं म्हणून बाईंचा इतका राग आला की काय सांगू! कारण बघायला त्यांनीच शिकवलं होतं.

मी काकाजींना म्हणाले, "बाई गेल्या तर हॉस्टेल चालवाल?"

"चालवू की."

"काकाजी, हिरीचं पण तुम्ही 'करून टाकू'च म्हणत होते."

म्हातारे सभासद खोकल्यासारखं हसले. काकाजी लाल झाले. "मंग काय पाहिजे तुले?"

"दोन गोष्टी. गावाकडून पोरी येत राहतीन तोवर हॉस्टेल बंद होणार नाही. अन् कारभार असाच चालंन. पाळीपाळीनं. बाईंच्या जागी जे कोणी येतीन, त्यांनी पण कारभारणीचं ऐकायचं. हे दोन्ही तुम्ही आत्ता म्हणा, ह्या दोघा आजोबांसमोर अन् सगळ्या पोरींसमोर."

"बाप रे!" काकाजी म्हणाले. "ही तर वकिलीण हाये."

त्यातले जास्त म्हातारे सभासद काठी आपटून म्हणाले, "म्हणून टाका ना, शेठ. पोरगी भाव तर बरोबर करून राह्यली."

काकाजींनी म्हटलं. दोन्ही म्हटलं, मोठ्यानं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. आता मला माझं म्हणायचं होतं. मी पदर तोंडाला लावणार होते, पण तसं केलं असतं तर सगळं तिथंच वाहून गेलं असतं.

"बाई," मी म्हणाले, "तुम्ही जा."

"कवा?"

"उद्याच्या गाडीनं."

मागून कोणीतरी हुंदका दिला. उद्याच काहून, हे मी कोणाला सांगितलं नाही. सोमवारी पाळी सुमनची होती. हे काम माझ्या आठवड्यातलं, ते मला तिच्यावर टाकायचं नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पेटी भरायला आत गेल्या.

मंडळी गेली आणि मुलींनी मला घेरलं. पुष्पा तर माझ्या अंगावरच आली. "तू बाईले हाकललं! बाईले!" मला वाटत होतं, आता बाई बाहेर येतील आणि म्हणतील, पोरींनो, तिनं बरोबर केलं. बाई आल्या नाहीत. पातळांच्या घड्या करत राहिल्या. मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या खोलीत घुसले.

"एक शब्द तरी बोलायचा होता तुम्ही! त्यांच्यासमोर नाही, तर आत्ता तरी! सगळ्या मलेच खाऊन राह्यल्या!"

बाईंनी हातातलं पातळ खाली ठेवलं. त्यांचे डोळे लाल होते. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं.

"काय बोलू वं पोरी?" त्या म्हणाल्या. "मले राहायचं होतं. ह्या घरात मी म्हातारी होईन असं मनात धरून बसली होती मी. ओसरीवर मी तोंड उघडलं असतं ना, तर 'मले ठेव' हेच निघालं असतं. तू ठेवलं असतं मले. अन् जुलैत तुम्ही सगळ्या आपापल्या घरी बसल्या असत्या." मग पातळ परत उचललं. "जा. बाहेरच्या पोरींचं तूच पाह्य. रागवू दे त्यांले, उपाशी ठेवू नोको."

मी बाहेर गेले आणि चूल पेटवली. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. मी वाढलं, त्या जेवल्या.

रविवारी आम्ही सगळ्या त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. गोंदियाला जाणारी छोटी गाडी लागलेली होती. बाईंनी शाळेसाठी रजेचा आणि बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता, बदली होईपर्यंत त्या बहिणीकडे राहणार होत्या. त्यांची वळकटी माझ्या डोक्यावर होती, ती मी कोणाला देत नव्हते. मुली एकेक करून पाया पडल्या. पुष्पा रडून रडून लाल झाली होती. माझा नंबर आला तर बाईंनी मला वाकूच दिलं नाही. घड्याळाकडे बघितलं.

"संध्याकाळचं पाणी भरून झालं का?"

"नाही."

"तापवाली पोरगी?"

"एकटी हाये घरी."

"मंग तू इथं काय करून राह्यली? तुया आठवडा संपला नाही अजून. जा."

मी वळले आणि निघाले. गाडीची शिट्टी झाली तेव्हा मी फाटकाच्या पलीकडे होते. गाडी सुटताना मी पाहिली नाही. दातांवर दात धरून घरी आले, विहिरीवर पाणी ओढलं, तापवाल्या मुलीला पेज करून दिली, दिव्यांत तेल घातलं. नवं पाणी गार आणि गोड होतं. मुली परत आल्या, त्यांना जेवायला घातलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मला ठाऊक होतं, मी बसले तर सगळं घर बसेल.

सोमवारी सकाळी मी कमरेच्या चाव्या काढून सुमनच्या हातात दिल्या. तिनं त्या खोचल्या आणि माझ्याकडे बघत राहिली. बाकीच्या सगळ्या पंगतीसारख्या ओसरीवर उभ्या होत्या, आज कोणी काय करायचं हे ऐकायला. सुमननं एकेकीला कामं वाटली. आवाज बारीकच, पण शेवटच्या मुलीपर्यंत पोचत होता. पुष्पाला पाणी, कोणाला चूल, कोणाला झाडलोट. शेवटी माझ्यापाशी आली.

"अन् मी?" मी विचारलं.

"तू आज काही करायचं नाही," सुमन म्हणाली. "मागच्या खोलीत जा, दार लावून घे, अन् पोटभर रड. जेवायच्या वक्ती मी हाक मारीन."

कारभारणीचा हुकूम होता. मी गेले, दार लावलं, आणि रडले.